मागच्या चाकाचा इतिहास : शहागंजच्या सायकलीला गिअर का लागला नाही?

१/२१
छत्रपती संभाजीनगरातील शहागंज म्हणजे निजामकाळातील घड्याळाचा मनोरा आणि त्याभोवतीची जुनी बाजारपेठ. भाजी, फळे, कापड, भांडी यांची ने-आण येथे पिढ्यानपिढ्या हातगाडीइतकीच सायकलीनेही झाली. ही सायकल काळी, उंच, भक्कम कॅरिअरची आणि मागच्या चाकाला एकच दातेरी चक्र असलेली. सायकलीचा गिअर विसाव्या शतकाच्या आरंभीच बाजारात आला होता. तरीही शंभर वर्षांत तो या सायकलीला लागला नाही. याचे कारण मागासलेपणात शोधावे, की हिशेबात? मागच्या चाकाच्या मध्यभागी असलेल्या मूठभर लोखंडाचा हा इतिहास.

२/२१
प्रारंभ मागच्या चाकापासूनच का करावा लागतो? १८७० च्या दशकातील उंच सायकलीत पॅडल थेट पुढच्या चाकाला जोडलेले असे. पॅडलची एक फेरी म्हणजे चाकाची एक फेरी. वेग हवा असेल तर चाकच मोठे करावे लागे आणि स्वाराच्या पायांची लांबी ही वेगाची मर्यादा ठरे. १८८५ मध्ये जॉन केम्प स्टार्ली यांच्या ‘रोव्हर’ सायकलीने ही मर्यादा मोडली. तिच्यात पॅडलची शक्ती साखळीने मागच्या चाकाकडे नेली होती. आता वेग चाकाच्या उंचीवर नव्हे, तर पुढच्या आणि मागच्या दात्यांच्या प्रमाणावर अवलंबून राहू लागला.

३/२१
हे प्रमाण समजून घेतल्यास पुढचा सारा इतिहास उलगडतो. समजा, पुढच्या चकतीला ४४ दाते आहेत आणि मागच्या चक्राला १८. पॅडलची एक फेरी पूर्ण झाली की मागचे चाक जवळपास अडीच वेळा फिरते. २८ इंची चाकाचा घेर सुमारे सव्वादोन मीटर असतो. म्हणजे एका फेरीत सायकल साधारण साडेपाच मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर हा आकडा सुखाचा आहे. चढावर मात्र तेच साडेपाच मीटर उचलण्यासाठी पायावर असह्य जोर येतो.

४/२१
आरंभीच्या साखळीच्या सायकलीत मागचे चक्र चाकाला घट्ट बसवलेले असे. चाक फिरत असेपर्यंत पॅडलही फिरत राहणारच. उतारावर पायांना उसंत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रीव्हील रुळले आणि हा जाच संपला. त्याच्या आत स्प्रिंगवर बसवलेल्या लहान खिट्ट्या असतात. पॅडल पुढे फिरवले की त्या दात्यांत अडकून चाकाला ओढतात. पाय थांबले की दात्यांवरून घसरत जातात. सायकल नुसती ढकलत नेताना येणारा टकटक आवाज हा या खिट्ट्यांचाच.

५/२१
फ्रीव्हीलने उतार सोपा केला, चढ मात्र तसाच राहिला. चढावर दात्यांचे प्रमाण बदलता आले पाहिजे, हे सर्वांनाच पटत होते. ते कसे बदलावे यावर दोन पंथ झाले. पहिल्याने म्हटले, साखळीला हात लावू नका, सारी यंत्रणा चाकाच्या हबमध्ये दडवा. दुसऱ्याने म्हटले, हब साधाच राहू द्या. शेजारी लहानमोठी दातेरी चक्रे मांडा आणि साखळीच एकावरून दुसऱ्यावर ढकला. पहिला पंथ मुख्यतः इंग्लंडात वाढला, दुसरा फ्रान्स आणि इटलीत. दोघांचा स्वभाव इतका भिन्न, की एकाचा गुण तोच दुसऱ्याचा दोष ठरतो.

६/२१
हबगिअरच्या इतिहासात ‘स्टर्मी-आर्चर’ हे नाव अग्रभागी आहे. हेन्री स्टर्मी हे सायकल आणि मोटारविषयक नियतकालिकांचे संपादक, जेम्स आर्चर हे यंत्रज्ञ. १९०२ मध्ये तीन गतींच्या हबची पेटंटे नोंदली गेली आणि नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीचे प्रमुख फ्रँक बाउडन यांनी १९०३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कंपनी उभी केली. यशस्वी रचनेमागे विल्यम रायली या तंत्रज्ञाचा मोठा हात होता. परंतु पेटंट आर्चर यांच्या नावे झाले आणि रायली यांचे नाव मागे पडले. त्याच काळात जर्मनीत एर्न्स्ट झाक्स यांनी ‘टॉर्पेडो’ हब आणला. त्यात पॅडल उलटे दाबले की ब्रेक लागे.

७/२१
या हबच्या आत एक लहानशी सूर्यमाला असते. मध्यभागी आसाला जखडलेले सूर्यचक्र, त्याभोवती फिरणारी छोटी ग्रहचक्रे आणि सर्वांना वेढणारे आतून दाते असलेले कंकण. साखळीची शक्ती कंकणातून आत शिरून ग्रहचक्रांच्या चौकटीतून बाहेर पडली, तर चाक हळू फिरते. ग्रहचक्रांतून शिरून कंकणातून निघाली, तर जलद फिरते. मधल्या गिअरमध्ये शक्ती थेट चाकाला मिळते. स्वार हँडलवरचा खटका हलवतो. त्याची तार आसाच्या टोकाशी लोंबणारी बारीक साखळी ओढते आणि आतली जोडणी बदलते.

८/२१
स्टर्मी-आर्चरचा ‘ए-डब्ल्यू’ हा तीन गतींचा हब १९३६ मध्ये आला आणि पुढे अनेक दशके बनत राहिला. त्याचा खालचा गिअर मधल्याच्या पाऊणपट, तर वरचा सुमारे सव्वापटीहून थोडा अधिक, म्हणजे १३३ टक्के. वरच्या उदाहरणातील साडेपाच मीटर खालच्या गिअरमध्ये चार मीटरच्या आसपास येतात, वरच्यात सात मीटरच्या पुढे जातात. गिअरने श्रम नाहीसे होत नाहीत, ते अधिक फेऱ्यांत विभागले जातात. पायावरचा दाब मात्र पाव भागाने उतरतो आणि चढावर तोच पाव भाग निर्णायक ठरतो.

९/२१
दुसऱ्या पंथाचे आद्य प्रचारक पॉल द व्हिवी. ‘व्हेलोसिओ’ या टोपणनावाने लिहिणारे हे गृहस्थ फ्रान्समधील सेंट-एतिएन या डोंगराळ भागातील गावचे. ‘ल सिक्लिस्त’ या नियतकालिकातून त्यांनी आयुष्यभर एकच आग्रह धरला : सामान्य माणसाला सायकलीने डोंगर चढता आला पाहिजे आणि त्यासाठी अनेक गती हव्यात. साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यंत्रणेचे प्रयोग त्यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात केले. या यंत्रणेला फ्रेंचांनी दिलेल्या ‘डिरेलर’ या नावाचा अर्थच मुळी ‘रुळावरून उतरवणारा’ असा आहे.

१०/२१
विरोध झाला तो शर्यतींच्या जगातून. ‘टूर द फ्रान्स’चे संस्थापक आंरी देग्रांज यांना गिअर म्हणजे पौरुषाला कमीपणा वाटे; असल्या सोयी उतारवयातील लोकांनी वापराव्यात, असा त्यांचा सूर होता. परिणामी स्पर्धक मागच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळ्या दात्यांची चक्रे बसवत. घाटाच्या पायथ्याशी उतरून, चाक काढून, उलटे फिरवून पुन्हा बसवत. या शर्यतीत डिरेलरला परवानगी मिळाली ती १९३७ मध्ये. तोवर सामान्य प्रवासी त्याचा लाभ कित्येक वर्षे घेत होते. यंत्र उपलब्ध असूनही प्रतिष्ठेच्या कल्पनेपायी ते कसे अडवले जाते, याचा हा बोलका नमुना.

११/२१
त्यानंतर डिरेलरची घोडदौड झाली. फ्रान्समध्ये लुसियाँ ज्युई यांच्या ‘सिम्प्लेक्स’ने पाया घातलेला होताच. इटलीच्या तुल्लिओ काम्पान्योलो यांनी १९३३ मध्ये स्थापलेल्या कंपनीने पन्नाशीच्या सुमारास समांतरभुज चौकटीवर चालणारा डिरेलर रूढ केला. १९६४ मध्ये जपानच्या सनटूरने ती चौकट तिरकी केली; त्यामुळे साखळी प्रत्येक चक्रापासून जवळपास सारख्या अंतरावर राहू लागली. १९८४ मध्ये शिमानोने खटक्यागणिक अचूक एकेक गिअर पडणारी प्रणाली आणली. गिअर अंदाजाने जुळवण्याचे कसब तेथून पुढे अनावश्यक झाले.

१२/२१
आता तिघांची तुलना. पल्ल्यात डिरेलर सरस. अठरा गतींच्या सायकलीत पुढे २८ आणि मागेही २८ दाते जुळवले, तर २६ इंची चाकाची सायकल एका फेरीत जेमतेम दोन मीटर जाते. हा घाटाचा गिअर. तीन गतींचा हब तेथवर उतरू शकत नाही. शक्तीच्या बचतीतही स्वच्छ आणि तेल दिलेला डिरेलर पुढे, कारण हबच्या वरच्या-खालच्या गिअरमध्ये ग्रहचक्रांच्या घर्षणात थोडी शक्ती खर्ची पडते. एकगती फ्रीव्हीलमध्ये घर्षण अत्यल्प, परंतु पर्याय एकच.

१३/२१
धूळ आणि चिखल यांचा विचार केला की पारडे फिरते. डिरेलरची साखळी उघडी, सैल आणि वळणावळणाची. तिला पूर्ण झाकणारे चेनकव्हर बसत नाही. मराठवाड्याची काळी माती पावसाळ्यात चाकाला लोण्यासारखी चिकटते आणि डिरेलरच्या बारीक चक्रांत ठासून बसते. हबगिअर आणि फ्रीव्हील यांची साखळी सरळ रेषेत धावते. ती कव्हरमध्ये बंद ठेवता येते, धोतर-पायजम्यालाही वंगण लागत नाही. शिवाय डिरेलरच्या चक्रांना जागा देण्यासाठी मागच्या चाकाचे स्पोक एका बाजूला अधिक ताणावे लागतात. जड ओझ्याखाली असे चाक लवकर आउट होते.

१४/२१
तिसरा फरक फेरीवाल्याच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. डिरेलरचा गिअर साखळी फिरत असतानाच बदलतो. थांबायचे असेल तर थांबण्यापूर्वीच हलका गिअर टाकावा लागतो. विसर पडला तर भरल्या ओझ्यानिशी जड गिअरमध्ये सायकल हलवणे आले. हबगिअर मात्र सायकल उभी असतानाही बदलतो. दारोदार थांबणाऱ्या दूधवाल्यासाठी, चौकाचौकात अडणाऱ्या भाजीवाल्यासाठी याहून सोयीची रचना नाही. कागदावर पाहता शहागंजच्या सायकलीला हबगिअरच योग्य होता.

१५/२१
शहराचा भूगोल काय सांगतो? मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकीतून वाढलेले हे शहर सौम्य चढउताराच्या भूमीवर आहे. शहागंजहून सिटी चौक, गुलमंडी किंवा स्टेशन गाठण्यास एक गती पुरते. पैठणचा रस्ताही गोदावरीच्या दिशेने बहुतांशी सपाट. चित्र बदलते ते उत्तरेकडे आणि वायव्येकडे : जळगाव रस्त्यावर चौका घाट आणि दौलताबादचा किल्ला मागे टाकताच खुलदाबादच्या पठारावर चढणारा घाट. म्हणजे रोजच्या फेऱ्यांना गिअर नको होता. हवा होता तो खेड्यापाड्यांतून माल घेऊन येणाऱ्याला, ज्याच्या खिशाला तो सर्वांत कमी परवडे.

१६/२१
१९०० च्या सुमारास मनमाडहून आलेल्या रेल्वेने हे शहर जोडले गेले आणि मुंबईच्या बंदरात उतरणारा विलायती माल येथवर पोचणे सुकर झाले. तेव्हाचे औरंगाबाद हैदराबाद संस्थानात होते. भारतात सायकल आधी अधिकारी आणि सुखवस्तू वर्गाच्या हाती होती, मग कारकून-शिक्षकांच्या आणि अखेर फेरीवाल्यांच्या. इतिहासकार डेव्हिड अर्नोल्ड यांनी शिवणयंत्र, टंकलेखनयंत्र आणि भातगिरणी यांच्यासह सायकलीला भारताच्या आधुनिकतेचे रोजच्या वापरातील यंत्र मानले आहे, ते याच प्रवासामुळे. वर्ग बदलला तशी सायकलीकडून असलेली अपेक्षाही बदलली. फेरफटक्याचे वाहन रोजीरोटीचे अवजार झाले.

१७/२१
अवजाराची पहिली कसोटी वेग ही नसते. ते बंद पडल्यास किती काळ बंद राहील, ही असते. फ्रीव्हील बिघडले तर कोपऱ्यावरचा कारागीर रॉकेलने धुतो, छर्रे बदलतो, नाही जमले तर नवे चढवतो. तासाभरात सायकल पुन्हा रस्त्यावर. हबगिअर क्वचितच बिघडतो, पण बिघडला की त्यातील नखाएवढ्या खिट्ट्या, केसासारख्या स्प्रिंगा आणि नेमके ग्रहचक्र हवे. सुटा भाग हाताशी नसेल तर दिवसाची कमाई बुडाली. दुर्मीळ पण मोठ्या बिघाडापेक्षा नेहमीचा पण किरकोळ बिघाड गरिबाला परवडतो. एकगती सायकलीच्या विजयाचे मर्म येथे आहे.

१८/२१
या निवडीवर औद्योगिक धोरणाने शिक्कामोर्तब केले. स्वातंत्र्याच्या आगेमागे देशी सायकल उद्योगाला संरक्षण मिळाले, आयातीवर बंधने आली. आसनसोलची सेन-रॅले, मद्रासजवळ अंबत्तूरची टी. आय. सायकल्स, १९५१ मध्ये सोनीपतची ॲटलस, १९५६ मध्ये लुधियानाची हीरो असे कारखाने उभे राहिले. त्यांच्यापुढे प्रश्न होता तो लाखो लोकांना स्वस्त सायकल पुरवण्याचा. भाग जितके कमी आणि जितके एकसारखे, तितकी किंमत कमी. त्याच वर्षांत मराठवाडा १९४८ मध्ये भारतात सामील झाला आणि १९५६ मध्ये द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. शहागंजात मिळणारे फ्रीव्हील आणि लुधियानात बनणारे फ्रीव्हील एकाच मापाचे असणे हीच या सायकलीची खरी ताकद होती.

१९/२१
तथापि या हिशेबाची दुसरी बाजू विसरता येत नाही. यंत्राने जो भार उचलला नाही, तो कुणाला तरी उचलावाच लागला. घाट आला की स्वार खाली उतरे आणि दोन्ही हातांनी सायकल ढकलत नेई. चालणे हाच त्याचा हलका गिअर होता. पन्नास-साठ किलोंचे ओझे रोज पायांवर आणि कमरेवर पेलण्याची किंमत कोणत्याही सायकलीच्या दरपत्रकात नोंदलेली नाही. स्वस्त यंत्र आणि स्वस्त श्रम एकमेकांना टिकवून धरतात. म्हणून ‘साधी सायकल उत्तम’ हा गौरव अर्धाच खरा मानावा लागतो.

२०/२१
१९९० च्या दशकात ‘माउंटन बाइक’ धाटणीच्या डिरेलरवाल्या सायकली भारतीय बाजारात सर्रास दिसू लागल्या; २००५ नंतर फायरफॉक्ससारख्या कंपन्यांनी महागड्या सायकलींचा वर्ग रुजवला. गिअर आला, पण कामासाठी नव्हे, व्यायाम आणि स्पर्धेसाठी. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये जोडीने, तर नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये एकट्याने ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, ती अर्थातच गिअरच्या सायकलींवर. दौलताबादच्या घाटात पहाटे सराव करणाऱ्याच्या सायकलीला वीसएक गती असतात. त्याच घाटातून ओझे नेणाऱ्याच्या सायकलीला एक. गरज आणि साधन यांची ही उलटी वाटणी विसाव्या शतकाने मागे ठेवली आहे.

२१/२१
इतिहास बहुधा शोधांच्या तारखांनी मांडला जातो : १८८५, १९०२, १९३७, १९८४. त्या क्रमाने पाहिले तर शहागंजची सायकल शंभर वर्षे मागे राहिलेली दिसते. वापराच्या अंगाने पाहिले तर ती दुरुस्तीची सोय, सुट्या भागांची उपलब्धता आणि रोजची मिळकत यांचा काटेकोर मेळ होती. उणीव होती ती चढ चढणाऱ्या शरीराचा विचार करणाऱ्या धोरणाची. आज बॅटरीवरच्या अनेक सायकलींत मोटर मागच्या हबमध्येच बसवलेली असते आणि तिच्यापैकी पुष्कळ मोटरींच्या आत स्टर्मी-आर्चरच्या हबमध्ये होती तशीच सूर्य-ग्रहचक्रे फिरतात. मागच्या चाकाच्या मध्यभागी पुन्हा एक नवे यंत्र येऊन बसले आहे. ते कोपऱ्यावरच्या कारागिराला उघडता येईल असे आणि ओझे वाहणाऱ्याला परवडेल असे बनले, तरच ते शहागंजात टिकेल.

(धागा समाप्त)